घरी बीपी कसं मोजावं आणि त्या आकड्यांचं पुढे काय करावं

घरात कोणाला बीपी असलं की सगळ्यांचा डोळा मिठावर आणि गोळ्यांवर असतो. मोजणं मात्र येताजाता उरकलं जातं. औषध वाढवायचं की कमी करायचं हे त्या आकड्यावरून ठरतं, म्हणून आधी तो खरा यायला हवा.

यंत्र दंडावर पट्टा बांधायचं घ्या. मनगटावरच्या यंत्रात हात जरा वरखाली झाला तरी आकडा हलतो. घेण्याआधी दंडाचा घेर मोजा. जाड दंडावर लहान पट्टा आवळला, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. बाही वर सारून दंडाला फास बसत असेल तर सदराच काढा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. यंत्र चालू असताना बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी विचारतं, ‘किती आलं?’

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा; ज्यावर जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सगळे आकडे वहीत लिहा. नको वाटणारा आकडा गाळू नका. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती जास्तच समजतात.

त्याच वहीत चुकलेली गोळीही लिहा. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करणारे खूप असतात, आणि डॉक्टरांना ते कळलं नाही तर डोस उगाच वाढतो. चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. कोरडा खोकला, पायांना सूज, उठताना चक्कर असं काही असेल तर रागावण्यापेक्षा नोंद करा. औषध बदलून मिळतं. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालू असेल तर तेही सांगा, त्यांनी बीपी वाढू शकतं.

एखादा आकडा १८०/१२० च्या वर आला तर रुग्णाला शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पण सोबत छातीत दुखणं, धाप, अचानक कमी दिसणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यातलं काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.