पॉवर बँकेवरचं गरम जाकीट जास्त वेळ चालवायचं तर

थंडीत पहाटे खानापूरहून बेळगावला दुचाकीवर निघालं, की बाजार उरकायच्या आत पॉवर बँक संपते आणि तिच्यावर तापणारं जाकीट गार पडतं. हिशेब साधा आहे: १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॅट-तास, त्यातले हाती लागतात तीसेक. ५ व्होल्ट, २ अँपिअरचं जाकीट १० वॅट खातं. झाले तीन तास!

१. आत फक्त सुती बनियन किंवा पातळ शर्ट, त्यावर जाकीट, सगळ्यात वर वारा अडवणारं जर्किन. नसेल तर रेनकोटही चालतो. जाकीट स्वेटरवर घातलं, तर ऊब अंगापर्यंत नीट पोचत नाही.

२. घरातच पाच-सात मिनिटं 'हाय'वर ठेवा, निघताना 'लो' करा. 'लो'ला पाच वॅट लागत असतील तर तीच बँक सहा तास पुरते.

३. 'लो'वर बँक मध्येच बंद पडते? जाकीट बिघडलंच असेल असं नाही. करंट फार कमी झाला की काही बँका आपणहून बंद होतात. 'मीडियम' लावा, नाहीतर कमी करंटची सोय असलेली बँक घ्या.



जाकीट चालू ठेवून झोपू नका. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झाली असेल तर चटका कळतही नाही. अशांनी 'हाय' लावूच नये.