सोलापुरात विश्वकिरणांचे माग पाहण्यासाठी घरगुती क्लाउड चेंबर

विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिऊर्जावान कणांच्या, शोधात भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस १९१२ साली बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंच गेले होते. आपल्याला या किरणांचे माग घरातल्या काचेच्या टाकीत, म्हणजे अल्कोहोलच्या वाफेने भरलेल्या क्लाउड चेंबरमध्ये, पाहता येतात. प्रयोग शक्यतो डिसेंबर-जानेवारीत करावा, कारण सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पाहता पाहता उडून जातो.

माशांच्या छोट्या टाकीच्या तळाला आतून जाड कापड घट्ट बसवावे. फेल्ट शोधत हिंडण्याची गरज नाही. आपल्याच गावचा टेरी टॉवेल चालतो, मात्र कोरा टॉवेल द्रव नीट शोषत नाही, म्हणून तो आधी दोनदा धुऊन वाळवावा. कापड ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवावे. सॅनिटायझर वापरू नये, त्यातील पाणी आड येते. टाकी उपडी करून काळ्या रंगवलेल्या धातूच्या पत्र्यावर ठेवावी, कडा टेपने बंद कराव्यात आणि पत्र्याखाली ड्राय आइसचा सपाट थर द्यावा. ड्राय आइसचे तापमान उणे ७८ अंश असते, म्हणून जाड हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास ज्योत नसावी आणि उरलेला ड्राय आइस हवाबंद डब्यात कधीही कोंडू नये.

वरून खाली उतरणारी अल्कोहोलची वाफ पत्र्यालगत अतिसंपृक्त होते, म्हणजे थेंब होण्याच्या बेतात असते. विद्युतभारित कण तेथून गेला की त्याच्या वाटेवर आयन, म्हणजे विद्युतभारित अणू-रेणू, तयार होतात आणि त्यांच्यावर सूक्ष्म थेंब जमतात. खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत बाजूने, पत्र्याला समांतर सोडावा आणि दहा-पंधरा मिनिटे धीर धरावा. तरीही काहीच दिसले नाही, तर बहुधा टेपमधून हवा शिरत असते.

दिसलेला प्रत्येक माग विश्वकिरणाचाच, असे मात्र समजू नये. आखूड, जाड माग बहुधा हवेतील रेडॉन या किरणोत्सारी वायूतून निघणाऱ्या अल्फा कणांचे असतात, तर वेडेवाकडे माग कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे. लांब, बारीक आणि सरळ रेघ म्युऑनची (विश्वकिरण वातावरणावर आदळल्यावर तयार होणाऱ्या, इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाची) असण्याचा संभव अधिक.

समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. म्हणजे वीस बाय तीस सेंटीमीटरच्या पत्र्यावर मिनिटाला सहाशेच्या आसपास. प्रत्यक्षात मोजलेल्या रेघा त्याहून पुष्कळ कमी भरतात, कारण संवेदनशील थर जेमतेम एक-दोन सेंटीमीटरचा असतो आणि बहुतेक म्युऑन वरून जवळजवळ उभे येत असल्याने त्यांचा माग ठिपक्याएवढाच उमटतो. लांब रेघ ओढतात ते तिरपे आलेले मोजके म्युऑन.