चलन बळकट की दुबळं? अंदाज बांधताना या चुका टाळा

एका कुवेती दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळतात आणि एका डॉलरला येन मिळतात दीडशेच्या आसपास. तेवढ्यावरून दिनार बलदंड आणि येन मरतुकडा ठरवून मोकळं होणारे पुष्कळ असतात. सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच. एका डॉलरला किती नग मिळतात हा निव्वळ एककाचा मामला आहे. १ जानेवारी २००५ रोजी तुर्कस्तानने लिरावरची सहा शून्यं उडवली आणि दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा झाली. लाखांत सांगितला जाणारा डॉलरचा भाव एका रात्रीत दीडच्या आत आला. त्यामुळे कुणाच्याही पगारात चार वस्तू जास्त येऊ लागल्या नाहीत.

बघायची ती दराची चाल. हाच येन १९४९ पासून १९७१ पर्यंत डॉलरला ३६० या दराने बांधलेला होता. सप्टेंबर १९८५ मध्ये डॉलर उतरवण्यासाठी बड्या देशांचा प्लाझा करार झाला तेव्हा तो २४० च्या आसपास होता आणि १९८७ संपता संपता १२०-१२५ वर आला. तेव्हाही नगांचा आकडा शंभराच्या वरच होता, पण चलन झपाट्याने वधारत होतं.

चाल मोजतानाही हिशेब चुकतो. थायलंडने २ जुलै १९९७ रोजी आपलं चलन, बात, बांधलेल्या दरातून मोकळं सोडलं. आधी डॉलरला सुमारे २५ बात पडत, जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या वर पडू लागले. म्हणजे डॉलर दुपटीहून महाग झाला, पण बात घसरला तो निम्म्याहून थोडा जास्त. ‘बात शंभर टक्के घसरला’ असं लिहिणाऱ्याने त्याची किंमत शून्य करून टाकलेली असते!

पुढची चूक म्हणजे फक्त डॉलरकडे पाहणं. २०२२ मध्ये अमेरिकेने व्याजदर भराभर वाढवले, डॉलर जवळपास सगळ्यांवर चढला आणि युरोसुद्धा वीस वर्षांत पहिल्यांदा एका डॉलरच्या खाली गेला. अशा वेळी आपलं चलन डॉलरपुढे घसरलं तरी बाकीच्या व्यापारी भागीदारांपुढे ते वर गेलेलं असू शकतं. म्हणून सगळ्या भागीदारांच्या चलनांना व्यापारातल्या वाट्यानुसार वजन देऊन काढलेला निर्देशांक पाहावा.

आणि त्यातही महागाई वजा केलेला. इथे जरा थांबायला हवं, कारण ‘दर स्थिर आहे’ या वाक्याने भलेभले फसतात. समजा, एका देशात महागाई दरवर्षी १० टक्के आहे, दुसऱ्यात २ टक्के आणि दोघांमधला विनिमय दर तीन वर्षं हललाच नाही. पहिल्या देशात १०० ची वस्तू १३३ ला झाली, दुसऱ्यात १०६ ला. म्हणजे पहिल्याचा माल परदेशी गिऱ्हाइकाला तुलनेने सुमारे २५ टक्के महाग पडू लागला. निर्यात आटते, आयात स्वस्त वाटते, चालू खात्यावरची, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्यातली तूट फुगते आणि ती भरून काढणाऱ्या परकीय कर्जाचा ओघ थांबला की दर एकदम कोसळतो. बातमी त्या दिवशी येते, दुखणं मात्र तीन वर्षांचं असतं.

व्याजदर चढवला की चलन सावरतं, हेही अर्धंच खरं. व्याज महागाईच्या वर हवं आणि तो दर टिकेल असा बाजाराचा विश्वास हवा. १६ सप्टेंबर १९९२ रोजी ब्रिटनने पौंड वाचवायला व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला, त्याच दिवशी १५ टक्क्यांचीही घोषणा केली. मंदीत सापडलेला देश एवढं व्याज सोसणार नाही हे सौदे करणाऱ्यांनी ताडलं होतं. संध्याकाळी पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे सदस्य चलनांचे दर ठरलेल्या पट्ट्यात ठेवण्याच्या व्यवस्थेतून, बाहेर पडला.

चलन महाग होणं नेहमीच भाग्याचं असतं असंही नाही. सप्टेंबर २०११ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं ते फ्रँक फार वधारू नये म्हणूनच, कारण निर्यातदारांचं कंबरडं मोडत होतं. १५ जानेवारी २०१५ रोजी ही मर्यादा अचानक उठवली, तेव्हा काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला.

गंगाजळीचा, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्याचा, मोठा आकडा पाहून निर्धास्त राहू नये. १९९७ च्या थायलंडकडे जाहीर साठा चांगला होता, पण बात टिकवण्यासाठी केलेल्या वायदा सौद्यांत (पुढच्या तारखेला डॉलर देण्याच्या करारांत) त्यातला बहुतेक अडकलेला होता. साठ्यातून वायद्याची देणी वजा करा आणि वर्षभरात फेडायच्या परकीय कर्जाशी ताडून पाहा.

आता सूज आणि बाळसं यांतला फरक. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रुबल डॉलरला १२० च्या पलीकडे गेला आणि जूनमध्ये ६० च्या आत परतला. व्याजदर २० टक्के केला होता, निर्यातदारांना मिळालेल्या परकीय चलनातला ८० टक्के वाटा विकण्याची सक्ती होती आणि पैसा बाहेर नेण्यावर बंधनं होती. त्यातच निर्बंधांमुळे आयात घटली आणि तेल-वायूचे पैसे येतच राहिले. डॉलर विकणारे भरपूर आणि घेणाऱ्यांचे हात बांधलेले, अशा बाजारातला तो भाव होता. जिथे चलन मोकळेपणी विकता येत नाही, तिथला दर वाचण्याआधी नियमांची यादी वाचावी.