आधी फोन ऐका, मग टेम्प्लेट निवडा

मी छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट बनवते. पैसे घेऊन केलेलं माझं पहिलं काम लाकडी फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. चार दिवसांत साइट उभी केली. टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, देखणं होतं. वर पूर्ण रुंदीचा फोटो, त्यावर सरकणारी तीन वाक्यं, खाली चिन्हांच्या तीन चौकटी आणि त्याखाली 'आमचं ध्येय'. जिथे जिथे नमुन्याचा मजकूर होता तिथे मी माझा मजकूर भरला: 'दर्जेदार सेवा', 'अनुभवी कारागीर', 'ग्राहकांचं समाधान हेच आमचं समाधान'. ते खूश झाले, मीही झाले. तीन महिन्यांनी चौकशीसाठी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, साइट छान आहे असं सगळेच म्हणतात. पण फोनवर लोक अजून तेच विचारतात. खुर्ची आम्ही आणून द्यायची की तुम्ही न्यायला येता? दिवस किती लागतील? नुसतं पॉलिश करून मिळेल का?"

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साइटवर नव्हतं. टेम्प्लेटने जेवढ्या चौकटी दिल्या तेवढ्या मी भरल्या होत्या, आणि त्या चौकटी ज्याने आखल्या त्याने या माणसाची कार्यशाळा कधी पाहिलेली नव्हती. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हा प्रसंग सगळ्यात आधी सांगते, कारण टेम्प्लेट बसवणं हा या कामाचा सोपा भाग आहे आणि आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो.

आता माझी पद्धत वेगळी आहे. काम ठरलं की पहिला अर्धा दिवस मी लॅपटॉप उघडतच नाही. मालकाच्या शेजारी बसते. फोन वाजला की समोरचा काय विचारतो ते मालकाकडून कळतं, ते जसंच्या तसं वहीत लिहून घेते. माणसं आत येतात, पहिलं वाक्य काय बोलतात तेही लिहिते. मग मालकाला विचारते: परत परत काय सांगावं लागतं? कुठलं काम तुम्ही घेत नाही? गिऱ्हाईक कशावरून नाराज होतं? त्या वहीतून साइटची निम्मी पानं निघतात. 'आम्ही न्यायला येतो, पण कपाट असेल तर उचलायला तुमच्याकडचा एक माणूस लागेल' हे वाक्य त्यांच्याच तोंडचं. ते पानावर आलं की वाचणाऱ्याला कळतं की पलीकडे खरा माणूस आहे. आपण ते 'सुधारायला' गेलो की पुन्हा 'दर्जेदार सेवा' होतं.

मजकूर हातात आला की मग टेम्प्लेट बघायचं, आणि तेही डेमोच्या, म्हणजे टेम्प्लेट दाखवायला बनवलेल्या नमुना साइटच्या, फोटोंवर भाळून नाही. डेमोमधले फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेले असतात, शीर्षकं दोन शब्दांची असतात, सगळ्या चौकटी सारख्या उंचीच्या असतात. तुमच्या ग्राहकाच्या सेवेचं नाव पाच शब्दांचं असेल आणि फोटो फोनवर काढलेले असतील. म्हणून मी टेम्प्लेटमध्ये सगळ्यात लांब शीर्षक आणि सगळ्यात साधा फोटो टाकून, फोनच्या पडद्यावर बघते. तिथे टिकलं तर घ्यायचं. देवनागरीसाठी आणखी एक तपासणी: बरीच टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते. हे दोन्ही सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या दोन ओळींत सुटतं, पण त्या ओळी लिहिता आल्या पाहिजेत. तेव्हा नुसतं ओढून-सोडून साइट बनवण्यावर थांबू नका. एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस इतकं शिका की ब्राउझरमधलं 'इन्स्पेक्ट' उघडून एखादी जागा का सुटली आहे ते शोधता येईल.

कुठलं साधन वापरायचं यावर नवखे लोक आठवडे घालवतात. मी एकच प्रश्न विचारते: साइट सुरू झाल्यावर तिला हात कोण लावणार आहे? मालक स्वतः महिन्यातून एकदा वेळापत्रक बदलणार असेल आणि बाकी काहीच नको असेल, तर विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारखी सगळं एकत्र देणारी सेवा चांगली. अपडेट, सुरक्षा, होस्टिंग (साइटच्या फायली जिथे राहतात ती जागा) त्यांच्याकडे. बदल्यात तुम्ही त्यांच्या घरात राहता. विक्सवर बनवलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, आणि त्यांच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेलं टेम्प्लेट त्याच साइटवर नंतर बदलताही येत नाही. हे मालकाला आधी सांगायचं, नंतर नाही. माल विकायचा असेल तर शॉपिफाय. २००४ मध्ये स्नोबोर्ड विकायला काढलेल्या एका ऑनलाइन दुकानातून ते पुढे आलं, त्यामुळे साठा, ऑर्डर, परतावा यांचा विचार त्यात मुळापासून आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मी वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर घेते. २००३ पासून ते आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, आणि मुक्त परवान्यामुळे उद्या मी नसले तरी ते सांभाळणारा दुसरा कुणी सहज सापडतो. मालकाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. मात्र वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून घेऊन स्वतःच्या होस्टिंगवर चालवायचं सॉफ्टवेअर वेगळं आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही होस्टिंग सेवा वेगळी. नावाच्या सारखेपणामुळे अनेक जण एकावर खातं उघडून दुसऱ्याच्या सूचना वाचत बसतात.

आता डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मी पाहिलेली मोठी नुकसानं इथलीच आहेत.

एक बाई माझ्याकडे आल्या, शिवणकामाचे वर्ग घेणाऱ्या. आठ वर्षं जुनी साइट अचानक दिसेनाशी झाली होती. डोमेन आधीच्या माणसाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि तो हे काम सोडून गेला होता. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की ते लगेच जात नाही. रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) थोडा काळ थांबतो, त्यानंतर ३० दिवस ते ज्यादा शुल्क भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांत ते मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. पण सोडवण्याचा हक्क ज्याच्या खात्यात डोमेन आहे त्याचा. बाईंच्या हातात काहीच नव्हतं. वर्गाच्या पाट्यांवर, पिशव्यांवर छापलेला पत्ता त्यांना सोडून द्यावा लागला.

तेव्हापासून डोमेन मी माझ्या खात्यातून कधीच घेत नाही. मालकाला शेजारी बसवते, खातं त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्याच कार्डवरून. ईमेलही त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं तर ते वाचवण्याची सूचनाही त्याच बंद पेटीत जाईल. आपोआप नूतनीकरण चालू करायचं, दुहेरी पडताळणी लावायची. यात एक तास जातो, मालक कधी कधी कंटाळतो, "तुम्हीच करून टाका ना" म्हणतो. नाही म्हणायचं.

दुसरं नुकसान माझ्या हातून झालं. एका छोट्या छपाई व्यवसायाची नवी साइट सुरू करताना मी नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी, म्हणजे रेकॉर्ड, जिथून वाचल्या जातात ते सर्व्हर) बदलून नव्या होस्टिंगचे टाकले. साइट दिसू लागली आणि मी झोपायला गेले. नेमसर्व्हर बदलला की त्या डोमेनची सगळीच रेकॉर्ड नव्या जागेवरून वाचली जातात, ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारं एमएक्स रेकॉर्डसुद्धा. नव्या होस्टिंगने ते आपोआप स्वतःकडे वळवलं होतं, आणि तिथे कुणाचीच मेलपेटी नव्हती. दीड दिवस त्यांच्याकडे येणारे मेल पाठवणाऱ्यांना परत जात राहिले. त्यात एका मोठ्या कामाचं दरपत्रक मागणारा मेलही होता. ते काम त्यांचं गेलं. मी त्यांच्याकडे जाऊन चूक माझी आहे हे सांगितलं आणि साइटचे पैसे घेतले नाहीत, पण गेलेलं काम त्याने परत येत नाही.

म्हणून आता हे असं करते. आधी जुन्या डीएनएसमधली, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या यादीतली, सगळी रेकॉर्ड एका फाइलमध्ये उतरवते, अर्थ कळत नसलेलीसुद्धा. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणते, म्हणजे काही चुकलं तर मागे फिरायला पाच-दहा मिनिटं पुरतात. नेमसर्व्हरला हात न लावता फक्त साइटचं ए रेकॉर्ड (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारं) आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं रेकॉर्ड बदलते. लगेच बाहेरच्या पत्त्यावरून मालकाला मेल पाठवते आणि त्याच्याकडून उत्तर मागवते. शुक्रवारी संध्याकाळी हे काम कधीच करत नाही.

मेलचाच धागा पुढे. संपर्काचा फॉर्म भरला, 'धन्यवाद' दिसलं, म्हणजे मेल पोचला असं समजू नका. बरेच फॉर्म भेट देणाऱ्याचा पत्ता 'प्रेषक' म्हणून लावतात. पण तुमच्या सर्व्हरला त्या पत्त्यावरून मेल पाठवायचा अधिकार नसतो, आणि मेल खरंच त्या डोमेनकडून आला का ते बघणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्यांत तो अडकतो. प्रेषक आपल्याच डोमेनचा ठेवा, उत्तराचा पत्ता भेट देणाऱ्याचा ठेवा, आणि मेल एसएमटीपीवरून, म्हणजे खऱ्या मेल खात्यात लॉगिन करून, पाठवा. फोन नंबर मात्र मजकूर म्हणून, दाबला की लागेल असा, प्रत्येक पानावर हवाच. छोट्या व्यवसायाला फॉर्मपेक्षा फोनवर जास्त माणसं गाठतात, निदान मी केलेल्या साइटवर तरी हेच दिसलं आहे.

फोटोंचं एवढंच सांगते: डेमोमधले फोटो बहुधा तुम्हाला वापरायला दिलेले नसतात, परवाना वाचा. आणि लोकांना खरी जागा, खरे हात बघायचे असतात. खिडकीजवळच्या उजेडात फोनवर काढलेला फोटो पुरतो. तो ४००० पिक्सेल रुंद तसाच चढवू नका. १६०० पर्यंत आणा, वेबपी या फाइल लहान ठेवणाऱ्या प्रकारात साठवा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा ही गूगलची चांगल्या पानाची मर्यादा आहे, आणि ती बहुतेक वेळा वरच्या त्या एका अवाढव्य फोटोमुळे मोडते. सरकणारे फोटो मी काढूनच टाकते. दुसरा फोटो येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो.

साइट खुली करताना वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खालची एक खूण बघा, शोधयंत्रांना दूर ठेवणारी. काम चालू असताना ती लावलेली असते आणि काढायची राहते. महिनोनमहिने गूगलमध्ये न सापडलेली एक साइट माझ्याकडे आली होती, दुखणं एवढंच होतं. एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारी सुरक्षित जोडणी, चालू आहे ना तेही बघा. प्रमाणपत्र मोफत मिळतं, आणि ते नसेल तर २०१८ पासून क्रोम पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं लिहितो. मूळ थीमच्या (वर्डप्रेसमध्ये टेम्प्लेटला थीम म्हणतात) फायलींत थेट बदल करू नका, चाइल्ड थीम करा, म्हणजे आपले बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम. नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये सगळं पुसलं जातं.

पैशांबद्दल नवखे संकोचतात. काम सुरू होण्याआधी लिहून द्या: पानं किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर कोण देणार, आणि तो उशिरा आला तर काय. माझी रखडलेली जवळजवळ सगळी कामं मजकुराच्या वाट पाहण्यात रखडली, म्हणून आता मजकूर लिहिणं मी माझ्याच कामात धरते आणि त्याचे पैसे घेते. वार्षिक देखभाल वेगळी: अपडेट, बॅकअप, आणि बॅकअप खरंच परत उभा राहतो का ते बघणं. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

शेवटची बैठक मी कधीच फोनवर घेत नाही. मालक कीबोर्डसमोर, मी बाजूला, हात मांडीवर. वेळ बदला, एक फोटो बदला, सुट्टीची सूचना टाका. तो चुकतो, शोधतो, वेळ लागतो. मध्ये पडायचं नाही. तो अडला ती जागा मी लिहून घेते, आणि नंतर तिथली अनावश्यक बटणं लपवते. एका कागदावर डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, मुदत कधी, बॅकअप कुठे हे छापून देते. पासवर्ड त्या कागदावर नाहीत, ते त्याच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये.

त्या फर्निचरवाल्या गृहस्थांची साइट मी नंतर पैसे न घेता नव्याने केली. तीन चौकटी गेल्या, 'ध्येय' गेलं. पहिल्या पानावर सात प्रश्न आणि त्यांची उत्तरं, त्यांच्याच शब्दांत. तीन महिन्यांनी पुन्हा फोन केला आणि विचारलं, आता लोक काय विचारतात? म्हणाले, "ते जुने प्रश्न कमी झालेत. आता विचारतात की विणलेली खुर्ची करता का. ते मी परवाच टाकलं, आठवं म्हणून."