फिल्टर नळाखाली घासताय? या चुका टाळा

आधी एक गैरसमज दूर करू: माशांच्या टाकीतला फिल्टर नायट्रेट काढत नाही, तयार करतो. माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्याचा विषारी अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि गाडी तिथेच थांबते. पुढचं काम बादलीचं, म्हणजे पाणी बदलण्याचं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते टाळणाऱ्यांसाठी आणि उत्साहाच्या भरात फिल्टरच धुऊन काढणाऱ्यांसाठी हे लिहिलंय.

फिल्टरची 'अंघोळ'

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत रविवारी दिसणारा प्रकार. दोन फुटी टाकी, चार गोल्डफिश, वर टॉप फिल्टर. मासे टबात, दगड बाथरूममध्ये, फिल्टरमधला स्पंज आणि बॅक्टेरियांना बसायला ठेवलेल्या सिरॅमिक रिंगा नळाखाली ब्रशने घासून पांढऱ्याशुभ्र. संध्याकाळी टाकी नवी कोरी. मंगळवारी मासे वर येऊन हवा गिळतात, बुधवारी पाणी दुधाळ. दुकानातून निळं औषध येतं. ते मिथिलीन ब्लू. उरलेसुरले बॅक्टेरिया त्याने संपतात. आठवड्याअखेर दोन मासे जातात आणि घरात निदान ठरतं: आमच्याकडे मासे लाभत नाहीत!

लाभतील कसे? अमोनिया पचवणारी बहुतेक वसाहत त्या स्पंज-रिंगांवर होती. घासण्याने आणि नळाच्या क्लोरीनने ती गेली. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा डोस वाढतो, म्हणजे नुकसान आणखी.

करायचं ते एवढंच. टाकीतलं पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज तीन-चार वेळा पिळा. पाणी आरपार जायला लागलं की थांबा. तपकिरी रंग राहू द्या, तोच कामाचा. रिंगा दोन-तीन महिन्यांनी त्याच पाण्यात नुसत्या हलवायच्या, पण स्पंज धुतला त्या दिवशी नाही. फिल्टरमधला कापूस मात्र सरळ फेका, त्यात कंजुषी नको.

घासून झालंच असेल तर दोन दिवस खाणं बंद, एअर पंप चोवीस तास, अमोनिया-नायट्राइट रोज तपासा आणि अँटीक्लोर (क्लोरीन मारणारं औषध) घातलेल्या पाण्याने रोज २५-३० टक्के पाणी बदला. नायट्राइट दिसलं तर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ.

'दर आठवड्याला पाणी टाकतो की!'

टाकता, बदलत नाही. मे महिन्यात उडून जातं ते फक्त पाणी. नायट्रेट आणि क्षार टाकीतच राहतात. वरून भर घालून आकडा कमी होणार नाही.

हिशोब सोपा आहे. टाकीत आठवड्याला १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नायट्रेट तयार होत असेल आणि तुम्ही दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलत असाल, तर बदलण्याआधीचा आकडा कालांतराने ४० वर स्थिरावतो. ५० टक्के बदललं तर २०. हा हिशोब नळाच्या पाण्यात नायट्रेट नाही असं धरून. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर आधी तेच तपासा.

वर्षभर पाणी न बदललेल्या टाकीत मात्र एका दमात ९० टक्के बदलू नका. आपल्याकडचं धरणाचं पाणी मृदू, त्यातली आम्ल पेलण्याची ताकद हळूहळू संपते, पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) सहाच्या आसपास उतरतो आणि बॅक्टेरिया मंदावतात. साठलेला अमोनिया तिथे अमोनियमच्या रूपात, फारसा त्रास न देता पडून असतो. ताज्या पाण्याने पीएच झटक्यात चढला की तोच विषारी होतो. म्हणून एक दिवसाआड १५-२० टक्के, दोन आठवडे. घाई असणाऱ्यांनी प्लास्टिकचे मासे ठेवावेत.

टेस्ट किटवर आळस

नायट्रेटच्या लिक्विड किटमधली दुसरी बाटली न हलवता थेंब टाकले की टाकीत ४० असताना किट ५ दाखवू शकते, कारण रसायन तळाशी बसलेलं असतं. बाटली ३० सेकंद जोरात हलवा, थेंब टाकल्यावर नळी मिनिटभर, मग ५ मिनिटं थांबून रंग बघा.

बाकीच्या, थोडक्यात

फिल्टरमध्ये घालतात त्या कार्बनने नायट्रेट जात नाही.

प्रवाह कमी झाला तर आधी इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) काढून त्याच्या खाचेतली बुळबुळ जुन्या टूथब्रशने साफ करा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

वीज वाचवायला रात्री फिल्टर बंद करणं: ८ वॅटचा फिल्टर दहा तास बंद ठेवून महिन्याला जेमतेम अडीच युनिटं वाचतात, आणि आतल्या बॅक्टेरियांचा ऑक्सिजन रोज तुटतो.

मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडा, पानं बाहेर. नायट्रेट खातो, पण दोन फुटीतल्या सहा गोल्डफिशपुढे त्याचंही चालत नाही.

महावितरणचं शटडाऊन चार-पाच तास लांबलं, तर वीज आल्यावर कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) तसाच सुरू करू नका. आत कोंडलेलं, ऑक्सिजन संपलेलं पाणी आधी मोरीत ओता, टाकीतलं पाणी भरा, मग स्विच.