चेन-स्प्रॉकेट घरीच बदललं: माझा अनुभव

बाईकला रेस दिली की मागून कटकट, आणि चेन ताणून घेतली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा सैल. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकावरची, चेनची कडी बोटाने ओढून पाहिली तर निम्मा दात उघडा पडत होता, दातही एका बाजूला झुकलेले. अशा वेळी नुसती चेन घेऊ नका. झिजलेले दात नवी चेन लवकर खातात, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचं पूर्ण किटच घ्या.

पुढच्या छोट्या स्प्रॉकेटचे बोल्ट जुनी चेन चढलेली असतानाच सैल करायचे, ही खरी मेख. गिअर टाकायचा, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगायचं, मग पाना फिरवायचा. आधी चेन काढलीत तर स्प्रॉकेट नुसतं फिरत बसतं. कव्हरच्या आत ग्रीस आणि मातीचा जाड काळा थर होता, तो खरवडून डिझेलने धुतला. मागचं चाक काढलंच होतं म्हणून हबमधले (चाकाच्या मध्यभागातले) रबरही पाहिले. चेपले होते, बदलले.

चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेलाच हवं. उलटी बसली तर निसटू शकते, आणि चालत्या गाडीची चेन सुटणं जिवावर बेतू शकतं.

चेनची ढिलाई खालच्या बाजूला मधोमध मोजली. माझ्या गाडीला २० ते ३० मिमी लागते, तुमची पुस्तिकेत बघा. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत घट्ट लागेल तिथेच मोजा. मागच्या चाकाच्या एक्सलच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवून त्याचा नट आवळला. नवी चेन सुरुवातीला थोडी सैलावते, म्हणून २०० किमीनंतर पुन्हा तपासली.