काप्रीची निळी गुहा होडीतून बघायला जाताना या चुका टाळा

इटलीतल्या काप्री बेटावर जाऊन ‘ग्रोत्ता अझुर्रा’, म्हणजे निळी गुहा, न बघताच परतलेले पुष्कळ असतात. कारण बहुतेक वेळा एकच, गुहा बंद होती. तक्रारही ठरलेली: ऊन लख्ख होतं, फेरीबोटी चालू होत्या, मग बंद कशी?

घोळ इथेच होतो. आपण आभाळ बघतो, बघायला हवी लाट. गुहेचं तोंड जेमतेम २ मीटर रुंद आणि पाण्यावर साधारण १ मीटर उंच आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक किरकोळ असतो, पण अर्ध्या मीटरची लाट आली तरी निम्मं दार बुडालं. फेरीबोटीला जी लाट जाणवतही नाही, ती इथे होडी खडकावर आपटू शकते. म्हणून बोटीचं तिकीट काढण्याआधी मारिना ग्रांदे बंदरावर ‘गुहा आत्ता उघडी आहे का’ एवढं विचाराच. बेटावर मुक्काम असेल तर गुहा शेवटच्या दिवसावर टाकू नका. उजेड दुपारी १२ ते २ च्या सुमारास सर्वांत छान असतो हे खरं, पण सकाळी समुद्र शांत दिसला तर मी दुपारची वाट बघणार नाही.

दुसरा घोळ पैशांचा. बंदरावरून नेणारी मोटरबोट आत जातच नाही. ती बाहेर थांबते आणि तुम्हाला वल्ह्याच्या छोट्या होडीत उतरवते. त्या होडीचे आणि प्रवेशाचे पैसे वेगळे, तिथेच पाण्यावर द्यायचे. हे माहीत नसलं की माणसं फसवल्यासारखी चिडतात. वर नावाड्याला बक्षिशीही हवी असते. खुशकीचा रस्ताही आहे: बेटावरच्याच आनाकाप्री गावाहून बस, मग पायऱ्या उतरून थेट होडीत. ज्यांना बोट लागते त्यांनी हाच धरावा. कारण उलटी होते ती प्रवासात कमी, आणि गुहेबाहेर डिझेलच्या वासात डुलत नंबराची वाट बघताना जास्त. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

होडीत उतरताना पाय मधोमध टाका, काठावर नको. होडीत आल्यावर बसायचं नाही, तळाशी आडवं व्हायचं. तळाला पाणी असतं, तेव्हा पांढरी पँट त्या दिवशी राहू दे. तोंडाशी आल्यावर नावाडी वल्ही आत घेतो, खडकाला बांधलेली साखळी धरतो आणि थांबतो. एक लाट जाऊ देतो, दुसरी जाऊ देतो. पाणी खाली बसलं की स्वतः पाठीवर पडून साखळीला असा हिसका देतो की होडी सुळकन आत. त्या क्षणी कुणीतरी हमखास मान वर करतं, नाहीतर होडीचा काठ घट्ट धरतं. डोकं फुटतं ते तेव्हा, आणि खडक नि काठ यांच्या मध्ये बोटं चेंगरतात तीही तेव्हाच. हात छातीवर ठेवा, फोन खिशात.

आत मिळतात जेमतेम पाच मिनिटं, आणि ‘फोटोत दिसतं तेवढं निळं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ती डोळे सरावण्यातच घालवलेली असतात. बाहेरच्या उन्हातून आलं की पहिल्यांदा सगळा अंधारच. रांगेतच गॉगल काढून दोन-तीन मिनिटं डोळे मिटून बसा. हा निळा उजेड आपण आलो त्या दारातून येत नाही. दाराखाली, पाण्यात, त्याहून मोठं भोक आहे. तिथून येणाऱ्या उन्हातला लाल रंग पाणी शोषून घेतं आणि उरलेला निळा तळातून वर येतो. म्हणून दाराच्या पांढऱ्या झगझगाटाकडे टक लावू नका, पाण्याकडे बघा. फ्लॅश तर बंदच, नुसता खडक उजळतो आणि निळाई जाते. १८२६ मध्ये जर्मन कवी-चित्रकार आउगुस्ट कोपिश इथे पोहत शिरला होता, पण आता पोहायला मनाई आहे.

आणि गुहा बंदच निघाली तर बंदरावर हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका. आनाकाप्रीला कासा रोस्सा संग्रहालय आहे. या गुहेच्या तळातून काढलेले रोमन पुतळे तिथे ठेवलेत, शतकानुशतकं समुद्राने कुरतडलेले, आणि ते बघायला होडीत झोपावं लागत नाही.